आई शाळेत जाण्यापूर्वी

ह्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी आपल्याकडची रीत आहे. माझे शिक्षण नववी नापास. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात, मोर्चात आणि कामगार खात्याच्या कचेरीबाहेरील बाकावर. तरीही चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी मनाशी म्हटले की, ज्या विषयात आपण स्वतः नापास झालो तोच विषय घ्यावा. त्यातले आपल्याला थोडे अधिक कळते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शाळेचे वय उलटून गेलेल्या माणसालाही ऐकून शिकता यावे, ही अशा मालांची खरी थोरवी आहे. त्या अर्थाने आपण सारे ह्या क्षणी प्रौढांच्या शाळेतच बसलो आहोत. पण येथे निवांत बसणे आपल्याला का साधले, ह्याचाही विचार करू या. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ह्या वेळी कोणीतरी भाकरी थापीत आहे, कोणीतरी मुलांना अभ्यासाला बसवीत आहे. त्या बाईने उद्या म्हटले की, ‘मला दहावीला बसायचे आहे,’ तर घराने काय करावे? आजचा विषय एवढाच आहे.

मोठ्या माणसाने, आणि विशेषतः मुले पदरी असलेल्या बाईने, पुन्हा शिकणे ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८५५ साली आपल्या घरी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी. शाळेची वेळ त्यांनी कष्टकऱ्यांच्या सोयीने ठरविली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे पार्वतीबाई आठवले ह्यांचे उदाहरण पाहा. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी एक मुलगा. अशा स्थितीत त्या पुण्याला बहिणीकडे आल्या व तेथे शिकू लागल्या. ती बहीण म्हणजे अण्णासाहेब कर्वे ह्यांच्या पत्नी आनंदीबाई. शिकून पार्वतीबाई हिंगण्याच्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या आसपास, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. त्यांच्या धैर्याचे कौतुक आपण करतोच; पण त्यांच्या शिक्षणाच्या आरंभी बहिणीच्या घराचा आधार होता, ही गोष्ट सांगायची राहून जाते.

अगदी अलीकडचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावचे आहे. मुरबाड तालुक्यातल्या ह्या लहानशा गावात योगेंद्र बांगर ह्या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या. छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. माझे लक्ष मात्र शाळेच्या वेळेकडे गेले. ती दुपारची होती, म्हणजे शेताची आणि चुलीची कामे आवरल्यावरची. ज्याने ही वेळ ठरविली त्याने आधी त्या बायकांचा दिवस समजून घेतला होता.

आज बाहेरची दारे बरीच उघडी आहेत. दहावी न झालेल्या माणसाला राज्य मंडळाच्या परीक्षेस खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. १७ नंबरचा फॉर्म म्हणून आपण जो ओळखतो तो हाच. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे मंडळाच्या नाशिक विभागात येतात. ज्यांना सगळे विषय एका दमात झेपणार नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत थोडे थोडे विषय सोडविता येतात, आणि मराठीतूनही लिहिता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे त्याचे ब्रीद आहे. गंगा दारापर्यंत आली हे खरे. पण घरात ती भरून घ्यायला कोणाचे हात रिकामे आहेत, हे पाहण्याचे काम विद्यापीठाचे नव्हे. ते आपले आहे.

आता माझ्या नापास होण्याची हकीकत सांगतो.

माझी पत्नी अंगणवाडीत मदतनीस होती. त्या वेळी मदतनीसला सातवी पुरे, पण सेविका व्हायचे तर दहावी लागे. आता तेथे बारावीची अट आली आहे, म्हणजे ही निकड वाढलीच आहे. तिने मनात घेतले की दहावी करायची. मला आनंद झाला. मी फॉर्म आणून दिला, पुस्तके आणून दिली, दोन सभांत अभिमानाने सांगितलेसुद्धा. एवढे केल्यावर माझे कर्तव्य संपले अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मुलगी तेव्हा आठवीत होती, मुलगा पाचवीत, आणि माझी आई आमच्याजवळ होती.

मी स्वतः रात्री वाचायला बसलो की घर पाय न वाजविता चाले. आई मुलांना गप्प करी, पत्नी चहा आणून ठेवी. मी स्वतःच्या बळावर शिकलो असे आजवर लोक म्हणत आले आणि मीही ते ऐकून घेत आलो. पत्नी पुस्तक घेऊन बसली की मात्र प्रत्येकाला तिची आठवण होई. मुलाचा सदरा सापडत नसे, आईला औषध हवे असे, आणि मला हटकून कोणीतरी भेटायला येई. २००९ सालचा मार्च महिना. दुसऱ्या दिवशी तिचा गणिताचा पेपर, आणि मी संध्याकाळी सहा कार्यकर्त्यांना जेवायला घेऊन आलो. तिने काही म्हटले नाही. शेवभाजी केली, भाकऱ्या केल्या. आम्ही ओट्यावर बसून कामाच्या आठ तासांवर बोलत राहिलो. आत भांडी घासून होईपर्यंत अकरा वाजले होते.

निकालात ती गणित आणि इंग्रजीत राहिली. मी समजूत घालू लागलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मला तुमच्या संघटनेची सभासद करून घ्या. मग निदान माझी मागणी तरी तुम्ही ऐकून घ्याल.”

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली, ही गोष्ट मी शेकडो सभांत सांगितली आहे. माझ्याच घरात एका माणसाला रविवार नाही, हे मला त्या दिवशी कळले.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट असती तर येथे सांगितली नसती. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. त्यातही घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, आणि पुरुष अवघे २६. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आहेत. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषाने आपलीही नऊ वाचवून घेतली!

ह्या आकड्यांशेजारी अभ्यासाचा हिशेब मांडून पाहा. जुलैत अभ्यासाला लागले तर फेब्रुवारीअखेर आठ महिने मिळतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर २०० दिवस. रोज दीड तास म्हटले तरी ३०० तास होतात. नापास होऊन वीस वर्षे झालेल्या माणसाला दहावीसाठी एवढे तरी हवेतच. हे ३०० तास आभाळातून पडत नाहीत. ते कोणाच्या तरी दिवसातून काढावे लागतात. बाईच्या झोपेतून काढले तर ती पुस्तकावर डोके टेकून झोपी जाते. आमच्याकडे तेच झाले होते.

संप ज्या दिवशी सुरू होतो त्या दिवशी तो लढला जात नाही, हे आमच्या कामात नवशिक्यालाही ठाऊक असते. महिना दोन महिने आधी घरोघर जावे लागते, धान्याची सोय पाहावी लागते, कोण कच खाईल त्याच्याशी बोलावे लागते. शिक्षणाचेही तसेच आहे. आम्ही दुसऱ्या वेळी रीतसर बसलो. तिने मागण्या मांडल्या, मी लिहून घेतल्या, आईने दोन दुरुस्त्या सुचविल्या, आणि मुलांसकट सर्वांनी खाली सह्या केल्या. आईने अंगठा दिला. पुढे अनेक घरांत ही पद्धत मी सुचविली. तिच्यातील कलमे अनुभवाने ठरत गेली, ती क्रमाने सांगतो.

पहिले कलम वेळेचे. अभ्यासाचा दीड तास ठरलेला हवा आणि तो घरातील सर्वांना पाठ हवा. सगळे निजल्यावर रात्री दहानंतरचा तास बाईच्या वाट्याला टाकण्याकडे घराचा कल असतो, कारण तो कोणालाच नको असतो. तो घेऊ नये. पहाटेचा किंवा दुपारचा घ्यावा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घराची सगळी घडी बदलते. म्हणून पाण्याच्या दिवसाचे वेळापत्रक वेगळे लिहून ठेवावे. नवरा पाळीत काम करीत असेल, भुसावळच्या रेल्वेत असो की औद्योगिक वसाहतीत, तर प्रत्येक पाळीचे वेगळे.

दुसरे कलम कामाचे. घरातील कामांची यादी करावी. आमची पहिली यादी एकोणतीस कामांची झाली आणि त्यांतील अकरा कामे होतात हेच मला ठाऊक नव्हते. यादीपुढे नावे लिहावीत. ‘मी मदत करीन’ हे वाक्य करारात येऊ देऊ नये. मदत करणारा सवडीने करतो. ज्याच्या नावावर काम आहे त्याला ते न झाल्याचा जाब देता आला पाहिजे. पाणी भरणे, सकाळचा चहा आणि रात्रीची भांडी ही तीन कामे माझ्या नावावर आली. भांड्यांबद्दल पहिला महिनाभर माझ्या आईनेच तक्रार केली, ती मी घासतो म्हणून. मग तिची सवय झाली. स्वयंपाकही हलका करता येतो. परीक्षेच्या महिन्यात दोन्ही वेळा ताजी भाकरी हवीच असा हट्ट धरणाऱ्याने ती स्वतः थापावी. खिचडीवर आणि ठेच्यावर कोणी उपाशी राहत नाही.

तिसरे कलम मोठ्या मुलीचे, आणि मी ते सर्वांत महत्त्वाचे मानतो. आई अभ्यासाला बसली की तिची कामे आपोआप घरंगळत जाऊन मोठ्या मुलीच्या पदरात पडतात. कोणी तसे ठरवीत नाही, तरी ते घडते. डाळमिलमध्ये काम करणाऱ्या एका बाईने मला सांगितले होते, “मी पास झाले, पण त्या वर्षी पोरगी मागे पडली.” एकीची शाळा मोडून दुसरीची उभी करणे हा सौदा घरालाही परवडत नाही आणि समाजालाही नाही. म्हणून मुलीच्या वाट्याला जेवढे काम येईल तेवढेच मुलाच्या वाट्याला यावे, आणि दोघांच्या अभ्यासाच्या वेळेला कोणी हात लावू नये, असे स्पष्ट लिहावे.

चौथे कलम जागेचे. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कोठून येणार? पण एक कोपरा, एक दिवा आणि पुस्तकांसाठी एक फळी एवढे देता येते. त्या फळीवर दुसरे काही ठेवायचे नाही. घरात ते अशक्यच असेल तर वाचनालय, देवळाचा मंडप, मुले घरी गेल्यावरची अंगणवाडीची खोली, शेजारणीचे घर, यांपैकी काही पाहावे. मुले शाळेत जाणारी असली तर एकाच दिव्याखाली सर्वांनी बसावे. आईला समीकरण सोडविताना अडलेले पाहिले की मुलांना गंमत वाटते, आणि मग ती सांगायला पुढे येतात. आमच्या मुलीने आईला इंग्रजीची क्रियापदे शिकविली. तिचे स्वतःचे इंग्रजी त्या वर्षी सुधारले. मात्र मुलाने आईच्या चुकीला हसता कामा नये, आणि बापाने तर मुळीच नाही.

पाचवे कलम पैशाचे. फी, पुस्तके, संपर्क शाळेपर्यंतचे जाणे-येणे आणि परीक्षेच्या दिवसांची बुडणारी मजुरी, अशी चार खाती धरावीत. चौथे खाते लोक विसरतात आणि तेथेच गाडी अडते. रोजावर जाणाऱ्या बाईला परीक्षेचे सात-आठ दिवस म्हणजे सात-आठ रोज. बचत गटात आधीपासून थोडी रक्कम ह्या नावाने बाजूला टाकावी. पुस्तकांचा खर्च वाचविता येतो. नुकताच दहावी झालेला मुलगा गल्लीत असतोच, फक्त अभ्यासक्रम बदललेला नाही ना, ते पाहून घ्यावे.

सहावे कलम कागदांचे. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या गावच्या शाळेत असतो. त्यावर नाव माहेरचे, आणि आधार कार्डावर सासरचे. हा मेळ फॉर्मच्या शेवटच्या दिवशी बसत नाही. आखाजीला माहेरी गेल्यावर दाखला काढून आणावा, म्हणजे पावसाळ्यात धावपळ होत नाही. नावाचे कोणते कागद चालतील ते संपर्क शाळेत आधी विचारून ठेवावे.

सातवे कलम वर्षाच्या पंचांगाचे. आपल्या खानदेशात श्रावणात कानबाई येते, तेव्हा घर पाहुण्यांनी भरते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागते आणि मजुरीचे खरे दिवस तेच असतात. त्यानंतर लग्नसराई. परीक्षा येते फेब्रुवारी-मार्चात. ह्या सगळ्याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणू नयेही. वेचणीच्या दिवसांत अभ्यास निम्मा होईल हे मान्य करून श्रावणाआधी थोडा जास्त करून घ्यावा. पण जानेवारीनंतर लग्नाला घरातून एकानेच जायचे, आणि ती एक व्यक्ती परीक्षेला बसणारी नसावी, एवढे आधीच ठरवावे. पापड-कुरडयांचे वाळवण परीक्षा संपल्यावरही होते. ऊन कोठे पळून जात नाही.

आठवे कलम मोठ्या माणसांचे. माझी आई पहिल्या वेळी म्हणाली होती, “आते ह्या उमरमा शिकीसन काय करशी?” मी तिला मागासलेली ठरवून गप्प केले होते. ती माझी मोठी चूक. तिच्या प्रश्नात अडाणीपणा नव्हता, भीती होती. सून बाहेर पडली की म्हातारपणी आपल्याला पाणी कोण देणार, ही ती भीती. ती बोलून दाखवायला जागा मिळाली, औषधाच्या वेळा नातवाच्या नावावर लिहिल्या गेल्या, आणि मग आईचा विरोध गळून पडला. पुढे दुपारी कोणी आले की तीच दारात सांगे, “सून अभ्यासाला बसली आहे, चार वाजता या.” खानदेशला हे वेगळे सांगायला नको की, अक्षर न शिकलेल्या माणसाला अक्षराची किंमत नसते असे मुळीच नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या मुखातून आलेले काव्य घरच्या माणसांनी लिहून ठेवले, म्हणून १९५२ साली ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आले. लिहून घेणारे कोणी घरात होते, म्हणून ते राहिले. असे किती घरांत कोणीच नव्हते, ह्याची मोजदाद नाही.

करार मोडतोही. आमचाही दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा माझ्याकडून. अशा वेळी भांडण न करता पुन्हा बसावे आणि न जमणारे कलम बदलावे. परीक्षेत एखादा विषय राहिला तर घराने हाय खाऊ नये. पूर्वी फेरपरीक्षा ऑक्टोबरात होत असे. आता निकालानंतर लगेच, जून-जुलैच्या सुमारास पुरवणी परीक्षा होते. तोपर्यंत करार चालू राहतो, असे आधीच लिहिलेले असले म्हणजे निकालाच्या दिवशी कोणी ‘झाले ते पुरे’ असे म्हणत नाही.

बाप शिकायला निघाला तर हीच कलमे त्यालाही लागू आहेत, फक्त त्याने एक गोष्ट अधिक करावी. त्याला जी शांतता मागितल्याशिवाय मिळते, ती कोण पुरविते हे त्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

माझी पत्नी त्याच वर्षी ऑक्टोबरात उरलेले दोन्ही विषय सुटली. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मी भाकरी करून पाहिली, ती तव्यावरच मोडली. मुलांनी ती दुधात कुस्करून खाल्ली आणि आईला उठविले नाही. पुढे यथावकाश ती सेविका झाली. तिच्या अंगणवाडीत मुलांना पोचवायला येणाऱ्या आयांना ती आता विचारते, “तुझी शाळा कितवीत सुटली?” उत्तर ऐकल्यावर ती फॉर्मची गोष्ट लगेच काढत नाही. आधी विचारते, “घरी कोण कोण आहे? पाणी कोण भरते?”

आज व्याख्यान संपल्यावर आपण घरी जाल. जेवण वाढले जाईल. तेव्हा वाढणाऱ्या माणसाला तेवढे एक विचारून पाहा, शाळा कितवीत सुटली आणि का. उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. मग ताट आपण उचला.